माझ्यावर नाव धाकटीचं आहे

मी एक निळं कार्ड आहे, विमान कंपनीचं. माझ्यात पैसे नाहीत. मला यंत्रात सारलं तर नोटा बाहेर येत नाहीत. माझ्यावर दोन पंख काढलेत, त्याखाली नऊ आकडी नंबर आणि त्याखाली एका बाईचं नाव. त्या नावाला ज्यांनी कस्पटासारखं मानलं, त्यांचा मी सूड घेतला. तो कसा घेतला हे सांगायलाच आज तोंड उघडलंय. आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या कारखान्यात नावाची अक्षरं मागून ठोकून वर काढतात. दुखतं. पण एकदा वर आलेलं नाव मग कुणाला पुसता येत नाही. माझ्यावर जिचं नाव आलं, तिला घरात सगळे धाकटी म्हणतात. धाकटी सून. नवरा टायरच्या गोदामात पाळीवर जातो. मोठे दीर, त्यांना ती भाऊजी म्हणते, आणि थोरली जाऊ, असे सगळे एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात.

धाकटीची मुलगी चिमी. जन्मली तेव्हा तिला ऐकूच येत नव्हतं. दोन वर्षांची झाल्यावर ऑपरेशन करून कानामागे यंत्र बसवलं. पण यंत्र बसवलं आणि झालं असं नसतं. दर तीन महिन्यांनी ते जुळवून घ्यावं लागतं, आणि जुळवणारी डॉक्टरीणबाई पार लांबच्या शहरात. गाडीने दोन दिवस. एका संस्थेने पहिल्या वर्षाची विमानाची तिकिटं काढून दिली. जाऊन-येऊन चार फेऱ्या. पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणाले.

पहिल्याच फेरीत विमानतळावर, खिडकीवरच्या बाईंनी धाकटीला विचारलं, "नंबर काय तुमचा?"

"कसला नंबर?" धाकटी घाबरली. तिला वाटलं काहीतरी घरी विसरलं.

"पॉइंटचा हो. तुम्ही जितकं उडाल तितके पॉइंट जमतात. पुरेसे जमले की त्यावर फुकट तिकीट मिळतं. फॉर्म भरा, त्याला काही पडत नाही. ओळखपत्रावर आहे तस्संच नाव लिहा, एक अक्षर इकडे नको की तिकडे नको."

"पण तिकिटं संस्थेने काढलीत."

"काढू देत. उडताय तुम्ही ना? मग पॉइंट तुमचे. आणि मुलीचं तिकीट वेगळं आहे, तिचेही तुमच्याच खात्याला जोडून देते."

धाकटी सातवी शिकलेली. फॉर्म तिने घरी नेऊन तीनदा वाचला, मग पेन घेतलं. एका जागी ती अडली. तिथे मोबाइल आणि ईमेल मागितला होता. तिचा फोन तेव्हा नव्हता आणि ईमेल तर मुळीच नव्हता. भाऊजी पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "माझा टाक की. काय फरक पडतो?" तिने टाकला. घरातलंच माणूस, तिला त्यात काय दिसणार?

महिन्याने मी पाकिटातून त्या घरी आले. थोरलीने मला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "बाई बाई! आता काय, विमान दाराशी येऊन उभं राहणार!"

धाकटी हसली नाही आणि चिडलीही नाही. मला तिने चिमीच्या दवाखान्याच्या फाइलीत, पारदर्शक कप्प्यात ठेवलं. ती फाइल म्हणजे तिचा जीव. रिपोर्ट, पावत्या, यंत्राच्या बॅटरीचं बिल, विमानात बसताना फाडून हातात देतात ते चिठोरंसुद्धा त्यात. ते चिठोरं पुढे फार कामाला आलं. दुसऱ्या फेरीला चिमी रडून रडून लाल झाली होती, त्या गडबडीत धाकटी माझा नंबर सांगायलाच विसरली. पॉइंट आले नाहीत. घरी आल्यावर लक्षात आलं तेव्हा तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. पण खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "चिठोरं आहे ना? मग सहा महिन्यांच्या आत दाखवलंत तरी चालतं." तिने दोघींची चिठोरी काढून दिली आणि बुडालेले पॉइंट वर आले. तुम्हीही ती फेकू नका.

चार फेऱ्यांत आठ हजार चारशे जमले. दोघींचं जाऊन-येऊन फुकट तिकीट आठ हजारांना. पाचव्या फेरीची सोय झाली, असं म्हणून धाकटीने माझ्यावरून बोट फिरवलं. आयुष्यात मला इतकं कुणी जपलं नव्हतं.

म्हणूनच बाकीच्यांचा राग जास्त येतो. एके दिवशी फाइल ओट्यावर राहिली. थोरलीने मला ओढून काढलं आणि करपलेलं भांडं खरवडलं. हो, माझ्याने! माझा कोपरा वाकला, एका पंखाचा रंग गेला. वर म्हणते कशी, "हिच्या कार्डाचा एवढा तरी उपयोग झाला." भाऊजींनी खिडकी खडखडते म्हणून मला चौकटीत कोंबलं. चार दिवस मी तिथे उन्हात वाकत होते. धाकटीने शोधून काढलं, धुतलं, पुसलं. कुणाला एक शब्द बोलली नाही. मी मात्र दोघांच्या नावाने गाठ मारून ठेवली.

मग यंत्र बिघडायला लागलं. म्हणजे तुटलं नव्हतं, पण चिमीला त्यातून खरखर येत असावी. ती ते सारखं ओढून फेकायची. 'आई', 'पाणी', 'दे' असे जे पाच-सहा शब्द आले होते, ते महिन्याभरात विरायला लागले. दवाखान्याने फोनवर सांगितलं, मंगळवारी या, ही वेळ चुकली तर पुढची चार महिन्यांनी. धाकटी रात्रंदिवस तेच मोजत होती. चार महिन्यांत किती शब्द जातील?

ती तिकीट काढायला विमान कंपनीच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसाने पडद्यावर बघितलं. "चारशे पॉइंट आहेत."

"आठ हजार चारशे," ती म्हणाली.

"होते. आठ हजारांची दोन तिकिटं निघालीत. येत्या शनिवारची, समुद्रकाठची." आणि त्याने भाऊजींचं आणि थोरलीचं नाव वाचून दाखवलं.

पॉइंट जमल्याचा निरोप दर महिन्याला भाऊजींच्या फोनवर जात होता. तिकीट काढताना लागणारा परवलीचा आकडाही तिथेच यायचा. त्यांनी गुपचूप बसल्या जागी काम उरकलं होतं.

घरी आल्यावर धाकटीने विचारलं.

"भाऊजी, ती तिकिटं चिमीसाठी होती."

"अगं, पॉइंट म्हणजे काय पैसे आहेत का? हवेतले आकडे ते. आणि नंबर माझा, ईमेल माझा. म्हणजे खातं कुणी सांभाळलं?"

"मंगळवारची वेळ आहे."

"मग पुढची घे. कान काय पळून चाललाय?"

थोरली आतून म्हणाली, "लग्नाला पंधरा वर्षं झाली आमच्या. एकदा कुठे जातोय तर यांच्या पोटात दुखलं."

नवऱ्याने मान खाली घातली. "मोठे आहेत. जाऊ दे ना," एवढंच म्हणाला. ते 'जाऊ दे' ऐकून मला वाटलं, कोपरा वाकलाच आहे, कुणाच्या तरी बोटात घुसावं.

धाकटी चिमीला मांडीवर घेऊन बसली. मला फाइलीतून काढलं. मागे बारीक अक्षरं असतात, ती कुणी वाचत नाही. तिने एकेका शब्दावर बोट ठेवत वाचली. खात्याचा मालक तोच, ज्याचं नाव कार्डावर आहे. पॉइंटवरचं तिकीट खातेदाराला स्वतः ओळखपत्र दाखवून, विमान सुटायच्या दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं. तिकिटामागे दोनशे पॉइंट कापून बाकीचे परत जमा होतात. तिने बोटांवर हिशेब केला. कापले जाणार चारशे, शिल्लक चारशे. बरोबर आठ हजार उरतात. ते तिने पुन्हा वाचलं. पुन्हा मोजलं. मग मला जागेवर ठेवलं.

मला वाटलं उद्याच कचेरीत जाईल. गेली नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शुक्रवारी थोरलीने प्रवासाचे कपडे पुढ्यात टाकले, तर हिने मुकाट्याने इस्त्री करून दिले! मी फाइलीत तडफडत होते. तेव्हा मला कळलं नाही, की ही बाई माझ्याहून खमकी आहे.

शनिवारी भाऊजी आणि थोरली बॅग घेऊन निघाले. त्यांच्या आधी अर्धा तास धाकटी "चिमीला फिरवून आणते" म्हणून बाहेर पडली होती. विमानतळावर खिडकीशी त्याच बाई बसल्या होत्या. विमानाला अडीच तास होते. धाकटीने मला आणि ओळखपत्र पुढे सरकवलं.

"आधी तो ईमेल काढा आणि मोबाइल नंबर बदला. हा माझा, नवऱ्याचा जुना फोन आता मी वापरते. मग ही दोन तिकिटं रद्द करा."

"दोन्ही? कारण?"

"कारण लिहावंच लागतं का?"

"नाही."

"मग नका लिहू."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, चिमीच्या कानाकडे बघितलं, आणि बटण दाबलं. धाकटीच्या हातातला फोन वाजला. परत जमा. "आता सोमवारची सकाळची दोन. एक मी, एक चिमी." बाईंनी तीही काढली. जागा होत्या.

शेजारच्या रांगेतून तेवढ्यात भाऊजींचा आवाज आला. "सापडत नाही म्हणजे? अहो, नीट बघा, परवाच काढलंय!" डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा. मग ते वळले.

"धाकटे? तू इथे काय करतेस?"

"चिमीचं तिकीट काढलं, भाऊजी."

ते आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिले. मी तिच्या बोटांत ताठ उभी होते, वाकड्या कोपऱ्यासकट. बघा म्हटलं, बघा, भांडं खरवडायचं कार्ड!

थोरलीच बोलली. "कालच माझ्या कपड्यांना इस्त्री करून दिलीस ना गं तू!"

"हो, ताई. घडी मोडू नका. तशीच कपाटात ठेवता येईल."

रांगेतला एक म्हातारा फिस्सकन हसला. पण मी बघितलं, धाकटी हसत नव्हती. घरी जायचं होतं ना तिला, त्याच घरी. दारातच तिला नवरा भेटला. त्याने सगळं ऐकून घेतलं. सोमवारी पहाटे उठून त्यानेच बॅग उचलली. मंगळवारी यंत्र जुळलं, आणि दोन-अडीच महिन्यांत चिमीचे गेलेले शब्द परतले, नवे तर रोज फुटायला लागले.

आता माझ्या खात्यात काही नाही. पुढची फेरी कशी होणार, ते धाकटीलाही ठाऊक नाही. कंपनी म्हणते, प्लास्टिकची कार्डं बंद, आता सगळं फोनमध्ये. म्हणजे मी कधीही कचऱ्यात जाईन. जाईन तर जाईन. तुम्हाला एवढंच सांगते, खातं तुमचं असेल तर नंबरही तुमचाच टाका, आणि माझ्यासारखीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. घरातल्या माणसाने लुबाडलं तर कुणी तक्रारसुद्धा लिहून घेत नाही. मला माफ करायला सांगू नका. मी करणार नाही.

घरात आता चुली दोन झाल्यात. थोरली धाकटीशी बोलत नाही, नुसती येता-जाता पुटपुटते. काल थोरलीकडे चार बायका बसल्या होत्या. चिमी त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काकू, अवदशा म्हंजे काय? तू आईला लोज म्हणते ती."

चार बायकांनी थोरलीकडे बघितलं. थोरलीचं तोंड उतरलं.

धाकटी धावत आली. पोरीला रागवायला हवं होतं तिने, चारचौघांत असं बोलू नये म्हणून. ती खाली बसली, चिमीच्या कानामागचं यंत्र नीट बसवलं, आणि डोळे पुसत म्हणाली, "परत म्हण बघू, राणी. स्पष्ट ऐकू आलं ना तुला?"