दोनशे बावन्न आणि दोनशे बारा

इंजिन मी खोलायचं आणि पार्ट बायकोने मागवायचे, अशी आमची तेवीस वर्षांची वाटणी होती. ती जाऊन सात आठवडे झाले आणि ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंची गाडी दुकानात आली. कॅमशाफ्ट झिजला होता.

लेक म्हणाली, "बाबा, इंजिनचं काम आता बंद करा. ऑइल बदला, ब्रेक बघा. पार्टचे आकडे तुम्हाला कळत नाहीत."

खोटं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, हा एक कॅमशाफ्ट नीट मागवता आला नाही तर तिचं ऐकायचं.

आम्हीच पूर्वी बसवलेल्या त्या शाफ्टच्या जुन्या डब्यावर २५२ डिग्री लिहिलं होतं. इंजिन तेवढं फिरेपर्यंत शाफ्टवरचा उंचवटा व्हॉल्व्ह उघडा धरतो. पार्टवाल्याकडे दोन शाफ्ट होते, एक २५२चा, एक २१२चा.

"२५२चाच पाठव," मी फोनवर म्हणालो.

"घाई नको, मिस्त्री. वहिनींनी आधी माझी उलटतपासणी घेतली असती."

"काय विचारायची?"

"कुठून मोजलं, ते. दर वेळी. जीव खायच्या."

मला हसू आलं. घरीही तेच. पाच मिनिटांत येतो म्हटलं की विचारायची, पाच मिनिटं कुठून धरू, निघाल्यापासून की निघतो म्हटल्यापासून?

"मग सांग, कुठून मोजलं?"

तो आत जाऊन कागद बघून आला. दोन्ही शाफ्ट उंचवट्याने एक मिलिमीटर उचल दिल्यापासून मोजलेले होते. माझ्या जुन्या डब्यावर तसं काहीच लिहिलेलं नव्हतं.

जुना शाफ्ट अजून इंजिनातच होता. एक उंचवटा घासला होता, बाकीचे धड होते. त्यातल्या एकावर उचल मोजणारं डायल गेज लावलं, क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, डिग्रीची चकती बसवली आणि लेकीला वाचायला उभं केलं. सुई जेमतेम हलल्यापासून परत बसेपर्यंत २५२ भरले. मग एक मिलिमीटरपासून धरलं.

"दोनशे अकरा," लेक म्हणाली.

"बारा."

"अकरा, बाबा. चष्मा घाला."

"बरं, अकरा. एका डिग्रीने काही बिघडत नाही."

"म्हणजे छोटा दिसतो तोच आपला. आणि दुसरा बसवला असता तर?"

"शर्यतीचं इंजिन झालं असतं. सिग्नलला थरथरून बंद पडलं असतं. बाईंकडे शिकायला कोण आलं असतं?"

ती चकती काढू लागली. "आईला हे कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही. एकदा तिने चुकीचा मागवला आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही."

"चूक तिची, आणि तुमच्याशी अबोला?"

"मी हसलो होतो."

शनिवारी २१२चा शाफ्ट बसवला. लेक गाडीत बसली. तिने पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच हळूहळू सोडला. गाडी न अडखळता फाटकापर्यंत गेली. लेक उतरली, बॉनेटवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली.

"पुढचं इंजिन कधी खोलताय? मला रविवारी सुट्टी असते."

मी म्हटलं, "मग रविवारीच खोलू."