पहिलं हसू कुणाचं

ज्ञानोबाच्या नातीला, समीक्षाला, नांदेडच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, त्या वर्षीची म्हणजे दोन हजार तेवीसची ही गोष्ट. ज्ञानोबानं सगळी उमर एस.टी.त कंडक्टरकी केली आणि रिटायर होऊन लातुरात राहिला. नाटकाचा नाद जुनाच. नाट्यगृहात तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्याची ठरलेली. उशिरा येऊन मोबाइलच्या उजेडात जागा हुडकणारे, नाटक चालू असताना फोनवर "नाटकात हाय, बोल" म्हणणारे, कागद वाजवत फुटाणे खाणारे, या सगळ्यांना तो गाडीतल्या पाशिंजरासारखं दटावायचा.

पण त्याची खरी ओळख म्हणजे त्याचं हसू. तिथल्या लोकांची खोडच अशी की आधी कुणीतरी हसल्याशिवाय हसायचं नाही, उगं आपण येडे दिसायचो. ते आधीचं हसू ज्ञानोबाचं. तो हसला की नाट्यगृह हसलं. नटसुद्धा आतून विचारायचे, कंडक्टरमामा आले का म्हणून. शेजारी त्याची बायको सुमनबाई. नवरा हसला की ती पदर तोंडाला लावून हसायची. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं.

मग शिरूर अनंतपाळचे जमीनवाले शेषेराव बिरादार लातुरात थोरल्या पोराकडं राहायला आले. बायको तारामतीबाईला घेऊन ते नाटकाला येऊ लागले आणि नेमके ज्ञानोबाच्या मागच्या खुर्चीवर बसू लागले. माणूस बोलायला कमी. कुणी काही विचारलं की नुसती मान हलवायचा. ज्ञानोबाला तो जमिनीचा माज वाटायचा. पण हसू म्हणाल तर बांध फुटल्यासारखं. ज्ञानोबाचं हसू ओठावर येतंय तोवर मागून ते गडगडायचं आणि ज्ञानोबाचं त्याखाली बुजून जायचं. लोक मागं वळून शेषेरावांकडं बघायचे. मध्यांतरात पहिला चहा शेषेरावांच्या हातात जाऊ लागला. हेही ज्ञानोबानं गिळलं असतं. पण एकदा ऑटोत बसल्यावर सुमनबाई म्हणाली, "काय हसतो बाई तो माणूस. ऐकूनच बरं वाटतं."

त्या रात्री ज्ञानोबाला भाकर गोड लागली नाही. आणि पुढच्या नाटकाला त्यानं डोळ्यांनी बघितलं, सुमनबाई पदर तोंडाला लावताना मागं वळली.

दिवाळीनंतर एक नवं विनोदी नाटक येणार होतं. आधी नांदेडला, दुसऱ्या दिवशी लातूरला. ज्ञानोबानं मनाशी बेत केला. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळं एस.टी. फुकट होती. समीक्षाला भेटून येतो म्हणून त्यानं सुमनबाईकडून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेतला आणि नांदेड गाठलं. तिथं तो हसला नाही. कुठं लोक हसतात, कितपत हसतात, एवढंच टिपत बसला. सगळ्यात मोठा हशा एका जागी होता. पोरगी बापाच्या नावानं रडते, डोळे पुसते, आणि खाटेखाली लपलेला सासरा शिंकतो. ती शिंक ज्ञानोबानं नीट ध्यानात ठेवली. उद्या शेषेरावाच्या आधी हसायचं, चांगलं दणकून.

लातूरला नाट्यगृह भरून गेलं होतं. पहिल्या दोनतीन विनोदांना ज्ञानोबा साधून हसला, लोक त्याच्यामागं हसले. गडी खुशीत आला. मग ती पोरगी रडू लागली. लातूरकरांना तिचं रडणं लागलं, बाया डोळ्याला पदर लावू लागल्या, म्हणून त्या नटीनं रडणं लांबवलं. तिनं एकदा डोळे पुसले आणि पुन्हा हुंदका दिला. ज्ञानोबाला दम निघाला नाही. शिंक आलीच असं धरून तो पोट धरून हसला. मागून शेषेरावही तेवढ्याच जोरात हसले.

बाकी सगळं नाट्यगृह गप्प. नटी बोलता बोलता थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, कुणाची पोरगी रडतीय आन् तुमी हसायलाव. भाईर जाऊन हसा." पुढं शिंक आली तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. ज्ञानोबा मान खाली घालून बसला. त्याला वाटलं, शेषेराव आपली टिंगल करायला हसले.

सुमनबाईला नांदेडचं कळलं होतं. समीक्षानं तिला फोनवर सगळं सांगितलेलं, आबा नाटक बघून उशिरा आले म्हणून. घरी येऊन दार लावल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुमचं हसू कालच नांदेडात सांडून आलाव. आज उसनं आनलेलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषेराव दारात. ज्ञानोबानं बसा म्हटलं नाही, तरी ते बसले आणि त्याच्या ओठांकडं बघत बोलू लागले.

"कंडक्टरसाहेब, काल काय झालं? लोक आपल्यावर का चिडले?"

ज्ञानोबा म्हणाला, "तुमाला म्हाईत न्हाई व्हय? मग हसलाव कशाला?"

"तुमी हसलाव म्हणून. मला ऐकू येत न्हाई. यंत्र घातलं की नुसती शिट्टी वाजती. तुमचे खांदे हलले की मी हसतो. तारामतीला नाटकाचा नाद, मी घरी बसलो तर ती यायची न्हाई. पोराला तेवढं कळू देऊ नका. रस्त्यावर एकटं सोडायचा न्हाई मला."

ज्ञानोबानं शब्द दिला. सुमनबाईला चहा ठेवायला सांगितला.

पण जळणं काही थांबलं नाही, उलट वाढलं. आधी वाटायचं त्याचं हसू मोठं. आता कळलं की हसू आपलं आणि नाव त्याचं, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नाही. मध्यांतरात लोक शेषेरावांची पाठ थोपटायचे, काय दाद देता म्हणायचे, आणि ज्ञानोबा शेजारी उभा राहून गार चहा प्यायचा. सुमनबाई अजून मागं वळूनच हसायची. तिलाही त्यानं सांगितलं नाही. तरी विनोद पडला की तो खांदे चांगले उचलून हलवायचा, मागच्याला नीट दिसावेत म्हणून, आणि हलवता हलवता मनात शिव्या द्यायचा.

सातआठ नाटकं अशी झाली. पोळ्याला गावी गेलेले शेषेराव बिरादार दोन हजार चोवीस साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, शिरूर अनंतपाळला झोपेतच वारले.