तीन चेहऱ्यांचा खांब

मित्रांनो, तुम्ही मला नक्की पाहिले आहे. आईबाबांबरोबर फ्रिज किंवा पंखा घ्यायला गेलात, की दुकानाच्या दाराजवळ तुमच्या आईच्या छातीएवढा उंच एक राखाडी खांब उभा असतो. त्याच्या माथ्यावर छोटा पडदा असतो आणि पडद्याखाली तीन गोल बटणे असतात. हिरवे हसते, पिवळे गप्प असते आणि लाल रुसलेले असते. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ती बटणे उगाच पटापट दाबली असतील आणि आईने हात धरून ओढून नेले असेल. तोच मी. आता मी जुना झालो आहे. माझी वायर काढून टाकली आहे, म्हणून मला निवांत बोलायला वेळ आहे.

माझा जन्म कुठल्या देशातल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. माझे खोके उघडले तेव्हा मी बहरीन देशाच्या मनामा शहरातल्या एका मोठ्या इलेक्ट्रिक वस्तूंच्या दुकानात होतो आणि समोर मॅनेजर मुनाफसाहेब उभे होते. ते मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसले. मग दुकानातल्या सगळ्यांना बोलावून सांगितले की आजपासून गिऱ्हाइकाचे मत हा खांब सांगणार. माल दाखवणाऱ्याचा फोटो गिऱ्हाइकाने पडद्यावर निवडायचा, एक बटण दाबायचे आणि वाटले तर दोन शब्द लिहायचे. ते मत थेट हेड ऑफिसला जायचे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. हेड ऑफिसची माणसे आली की आधी माझ्यापाशी थांबायची. मला वाटायचे, या दुकानात सगळ्यात महत्त्वाचा मीच.

पण एक गोष्ट मला हळूहळू कळू लागली. खूश झालेल्या माणसाच्या हातात खोके असते. त्याला ते गाडीत ठेवायची घाई असते. रागावलेल्या माणसाचे हात मोकळे असतात, आणि तो माझ्यापाशी थांबतो. पार्किंग मिळाले नाही, किंमत वाढली, डिलिव्हरीवाला उशिरा आला, असल्या कारणांचा रागही माझ्याच लाल बटणावर निघायचा. मग ज्याचा फोटो दिसेल, त्याच्या नावावर तो जमा व्हायचा.

त्या फोटोंमध्ये एक फोटो कैलासचा होता. कैलास देवगडकडचा. तो वॉशिंग मशीन आणि पंखे विकायचा. माणूस मोठा बोलका. केरळच्या नर्सबाई आल्या तर त्यांच्याशी हिंदीत, अरबी आजीबाई आल्या तर मोडक्यातोडक्या अरबीत बोलायचा. नेहमीचे गिऱ्हाईक आत शिरतानाच "कैलास कुठे आहे?" असे विचारायचे. पहिली काही वर्षे त्याच्या फोटोखाली हिरवेच हिरवे असायचे.

त्याच्या विभागाच्या भिंतीला लागूनच मोठ्या स्पीकरची रांग होती. आवाज ऐकला की लोक आत येतात, म्हणून ते स्पीकर दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत दणदणत असायचे. कैलास वर्षानुवर्षे त्यांच्या तोंडाशी उभा होता.

मग त्याच्या फोटोखाली लाल वाढू लागले. लोक लिहायचे, "हाक मारली तरी बघत नाही." कोणी लिहायचे, "फार गुर्मी आहे." एका गिऱ्हाइकाने दोघांपुरते लहान मशीन मागितले, तर त्याने आठ माणसांच्या घराचे दाखवले. त्या माणसाने लिहिले, "महागाचे गळ्यात मारतो." मला आश्चर्य वाटायचे. माझ्यासमोर उभा असलेला कैलास तर पूर्वीसारखाच गरीब चेहऱ्याचा दिसायचा. फक्त कोणी बोलू लागले की तो मान थोडी तिरकी करायचा आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहायचा.

खरे काय ते भक्तीला कळले. भक्ती मिक्सरच्या विभागात होती. सांगलीकडची मुलगी, कैलासला दादा म्हणायची. एकदा वरच्या फळीवरून मिक्सरचे खोके निसटले. भक्ती मागून ओरडली, बाजूला व्हा म्हणाली. कैलास जागचा हलला नाही. खोके त्याच्या खांद्याला घासून खाली पडले, तेव्हा तो दचकून वळला.

त्या दुपारी दुकानात कोणी नव्हते. भक्ती त्याला माझ्याजवळ घेऊन आली आणि अगदी समोर उभी राहून तिने विचारले, "दादा, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

कैलासने आधी इकडे तिकडे पाहिले. मग म्हणाला, "डावा कान गेला असं वाटतंय. उजव्यात नुसता गलका येतो."

"मग डॉक्टरकडे जा. मुनाफसाहेबांना सांगा."

"माझा व्हिसा रिन्यूला आलाय, भक्ती. बहिरा सेल्समन कोण ठेवून घेईल? उद्धट म्हणतात ना, म्हणू देत. उद्धट माणसाला सुधार म्हणून सांगतात तरी. बहिऱ्याला घरी पाठवतात."

व्हिसाचे तसे खरेच होते का, हे त्याने कोणाला विचारले नव्हते. विचारले तर कळेल, म्हणून विचारले नव्हते. त्याने भक्तीकडून वचन घेतले की ती कोणाला सांगणार नाही. ती बिचारी मग आपले मिक्सर सोडून त्याच्या विभागात येऊन उभी राहायची. गिऱ्हाइकाचे बोलणे सहज केल्यासारखे त्याच्या समोर पुन्हा म्हणायची. पण तिच्याकडे गर्दी असली की तो एकटा पडायचा.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी हेमाताई आल्या. त्या मनामातल्याच माहूज भागात राहायच्या, बँकेत नोकरी करायच्या. त्यांच्याबरोबर त्यांच्या सासूबाई रत्नाबाई होत्या. त्या काही महिन्यांसाठी कराडहून आल्या होत्या. रत्नाबाईंच्या कानामागे, पांढऱ्या केसांच्या आड, ऐकायचे छोटे यंत्र होते. स्पीकरचा इतका गोंगाट होता की त्यांनी एकदा कानावर हातच ठेवला.

रत्नाबाईंनी कैलासला विचारले, "कमी आवाजाचं मशीन आहे का हो? माझ्या कानात घरघर होते."

कैलास हसून म्हणाला, "हो आजी, दोन वर्षांची गॅरंटी आहे."

त्यांनी पुन्हा तेच विचारले. कैलास आणखी मोठ्याने हसला आणि म्हणाला, "घरपोच आणून देऊ, काळजी करू नका."

हेमाताईंचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटले, म्हातारीला ऐकायला कमी येते म्हणून हा मुद्दाम वाकडी उत्तरे देतो आहे. त्या काही न घेता सासूबाईंना घेऊन बाहेर निघाल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. त्यांनी कैलासचा फोटो निवडला, लाल बटण दाबले आणि लिहिले, "वयस्कर बाईची टिंगल करतो."

मत गेले. तेवढ्यात रत्नाबाई म्हणाल्या, "हेमा, त्याने माझी टिंगल नाही केली गं. त्यालाच ऐकू येत नाही."

"काहीतरीच काय आई?"

"तो माझ्या ओठांकडे बघत होता. कानात हे यंत्र यायच्या आधी मी तुमच्याकडे तशीच बघायचे. काही कळलं नाही की हसायचे."

हेमाताई म्हणाल्या की मग त्याने तसे सांगायला हवे होते. दोघी निघून गेल्या. मित्रांनो, माझ्याकडे तीन चेहरे होते, पण तोंड एकही नव्हते. नाहीतर मी त्याच क्षणी हेड ऑफिसला ओरडून सांगितले असते.

त्या महिन्याच्या शेवटी हेड ऑफिसचा हुकूम आला. कैलासला दुकानात उभे करायचे नाही आणि त्याचा करार पुढे वाढवायचा नाही. मुनाफसाहेबांनी त्याला दाराजवळ बोलावले. त्यांना वाईट वाटत होते. ते दोघे कोकणातले, आंब्याच्या दिवसांत एकाच पेटीतले आंबे वाटून खाणारे.

"कैलास, तू एका म्हाताऱ्या बाईची टिंगल केलीस?"

कैलास त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. ती बाई काय बोलली होती, हेच त्याला ठाऊक नव्हते. आपण काय उत्तर दिले, ते कोणत्या प्रश्नाला दिले, हेही ठाऊक नव्हते. शेवटी तो म्हणाला, "केली असेल, साहेब."

मुनाफसाहेबांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावरून कैलासचा फोटो काढून टाकला. मला कोणी काही विचारले नाही. आत कुठेतरी एक जागा रिकामी झाली आणि तिथे लाईबा नावाच्या नव्या मुलीचा फोटो आला.

आठवडाही गेला नसेल, हेमाताई आणि रत्नाबाई पुन्हा आल्या. घरी सासूबाईंनी सुनेला गप्प बसू दिले नव्हते. हेमाताई सरळ माझ्यापाशी आल्या आणि पडद्यावर फोटो शोधू लागल्या. अन्सार नावाच्या एका सेल्समनचा होता, भक्तीचा होता, लाईबाचा होता. त्यांनी भक्तीला हाक मारली.

"तो कैलास कुठे आहे? मला माझं मत परत घ्यायचंय."

भक्तीने त्यांना ओळखले. ती म्हणाली, "तशी सोय नाही, मॅडम."

हेमाताईंचे बोट हिरव्या बटणावर गेले आणि तिथेच थांबले. कैलासच्या जागी आता लाईबाचा फोटो होता; बटण दाबले असते तर ते हिरवे तिच्या नावावर पडले असते. त्या तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा रत्नाबाई म्हणाल्या, "खांबाला काय सांगतेस? माणसाला सांग."

मग त्या तिघी मुनाफसाहेबांकडे गेल्या. रत्नाबाईंनी सगळे सांगितले. भक्तीनेही आपले वचन मोडले आणि खोके पडले त्या दिवसापासूनचे सगळे सांगून टाकले. व्हिसाच्या भीतीने तो कसा गप्प बसला, तेही सांगितले. सांगताना ती रडत होती.

मुनाफसाहेब म्हणाले, "मी रोज त्याच्याशी बोलत होतो. मला कसं कळलं नाही?"

रत्नाबाई म्हणाल्या, "तुम्ही त्या स्पीकरपासून लांब, समोर उभं राहून बोलत असाल. गिऱ्हाईक पाठीमागून बोलतं, मशीनच्या आत डोकं घालून बोलतं."

मुनाफसाहेब स्वतः कैलासला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितले की डावा कान आता परत येणार नाही, उजव्याला यंत्र लावले तर ऐकू येईल. इतकी वर्षे इतक्या आवाजात कोणी उभे राहते का, असेही त्यांनी विचारले. व्हिसाला त्या कानाची काहीच अडचण आली नाही. पण त्याला दुकानात परत घ्यायला हेड ऑफिस तयार होईना. त्यांच्यापुढे मी पाठवलेली लाल मते होती, आणि त्या मतांत कानाचा उल्लेख कुठेच नव्हता. शेवटी मुनाफसाहेबांनी खूप धावपळ करून कैलासला शहराबाहेर, अस्कर गावाजवळच्या कंपनीच्याच गोदामात काम मिळवून दिले. तिथे गिऱ्हाईक येत नाही. स्पीकरचा आवाजही त्यांनी कमी करायला लावला. पण पुढे सेल लागला आणि तो पुन्हा वाढला.

पुढे माझेही दिवस संपले. आता लोक मोबाईलवर चौकोनी चिन्हाचा फोटो काढतात आणि घरी बसून मत देतात. माझी वायर काढली, मला गाडीत घातले आणि त्याच गोदामात आणून ठेवले. कोणीतरी माझ्यावर पंख्यांची रिकामी खोकी रचली. ती बाजूला केली ती कैलासने. त्याने मला ओळखले. त्याच्या उजव्या कानामागे एक छोटे यंत्र होते. त्याने माझ्या लाल बटणावरून बोट फिरवले, दाबले मात्र नाही, आणि खोक्यांच्या कामाला लागला. तो पूर्वीसारखा बोलत नाही. दिवसभर त्याचा आवाज क्वचितच ऐकू येतो.

परवा मुनाफसाहेब गोदामात आले होते. हेड ऑफिसमधली माणसे बदलली होती आणि नवी माणसे कैलासला दुकानात परत घ्यायला तयार होती. मुनाफसाहेब ही बातमी द्यायला मोठ्या आनंदाने आले होते.

कैलासने सगळे नीट ऐकून घेतले. मग म्हणाला, "साहेब, लोक मला नावं ठेवायचे तेव्हा मला ऐकू येत नव्हतं. आता येतं. आता तिथं उभं राहायचं धाडस होत नाही."

"सगळे तसे नसतात रे."

"नसतात. पण कोण कसा, ते बटण दाबेपर्यंत कळत नाही." मग त्याने विचारले, "माझ्या जागेवर आता कोण उभं राहतं?"

"लाईबा."

"तिला त्या स्पीकरपासून लांब उभी करा, साहेब. आजच करा."

मुनाफसाहेबांनी तिथूनच फोन लावला. ते बोलत होते आणि कैलास त्यांच्या समोर उभा राहून एकेक शब्द ऐकत होता. पलीकडून होकार आला, तेव्हाच तो परत कामाला गेला.

मित्रांनो, मी पुष्कळ मते गोळा केली. त्यांतली किती खरी होती, ते मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, दुकानात जाल, आणि कोणीतरी तुमच्याकडे लक्ष देत नाही असे तुम्हाला वाटेल. त्या वेळी लगेच रागावू नका. त्याच्या समोर जा, तुमचा चेहरा त्याला नीट दिसेल असे उभे राहा आणि तोच प्रश्न शांतपणे पुन्हा विचारा. तो खरोखर उद्धट असेल, तर मत द्यायला तुमच्या हातात मोबाईल आहेच. पण आधी एकदा विचारा. एवढी माझी विनंती आहे.