उलट उत्तर

"क्लच सोडा. हळू. बाई, हळू म्हणजे शेवटच्या तासाला वर्गातलं घड्याळ चालतं तेवढं हळू."

गाडीने दोन आचके दिले आणि ती चौकाच्या मधोमध बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. स्टिअरिंगवरच्या बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका होत्या. एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकायला आल्या होत्या आणि लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांना नापास केलेलं असल्यामुळे त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं होतं.

"वाजवू द्या त्यांना," शेजारी बसलेला फोरमन म्हणाला. "किल्ली फिरवा. रस्ता काही त्यांच्या बापाचा नाही."

मागच्या सीटवर टीव्हीची निवेदिका आणि कॅमेरावाला गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. निवेदिकेने माईक पुढे सरकवला. "सर, एकेकाळी तुम्हाला बघायला याच चौकात चेंगराचेंगरी व्हायची. आज इथेच लोक तुमच्यावर हॉर्न वाजवतायत. काय वाटतं मनाला?"

"हॉर्न बाईंवर वाजवतायत," फोरमन म्हणाला. "आणि मला असं वाटतं, की तुम्ही माईक काढलात तर बाईंना आरशातलं दिसेल."

फोरमन हे त्याचं नाव नव्हतं. पण गेली पस्तीस वर्षं बायको सोडून सगळे त्याला तेच म्हणत. मुळात तो लेथवर काम करणारा कारागीर. एका दिग्दर्शकाला कामगार कसे उभे राहतात, हत्यार कसं धरतात ते बघायचं होतं, म्हणून तो वर्कशॉपमध्ये आला आणि बघता बघता यालाच उचलून घेऊन गेला. पहिल्याच सिनेमात हा फोरमन झाला. गोष्ट साधीच होती. मालक एका म्हाताऱ्या कामगाराचा सगळ्यांसमोर पाणउतारा करतो. फोरमन मशीन बंद करतो, मालकासमोर जाऊन उभा राहतो आणि आवाज न चढवता त्याला उत्तर देतो. मारामारी नाही, काही नाही. पण त्या उत्तराला लोक खुर्च्यांवर उभे राहायचे.

तेव्हा शहर भोंग्यावर चालायचं. तीन पाळ्या होत्या. रात्रपाळी सुटली की माणसं डबे हातात घेऊन तशीच सकाळी दहाच्या खेळाला येऊन बसत. त्यांना मालकाला जे बोलायचं असायचं, ते पडद्यावर हा बोलायचा. नऊ वर्षांत एकवीस सिनेमे झाले, आणि एकवीस वेळा त्याने मालकाला उलट उत्तर दिलं.

मग भोंगे बंद झाले. एकदम नाही झाले. आधी तिसरी पाळी गेली, मग दुसरी, मग एकेका फाटकाला कुलूप लागत गेलं. दहाचा खेळ बघणारे कुणी गावी गेले, कुणी भाजीच्या गाड्या लावल्या. नवीन सिनेमे आले त्यात नायकाला राहायला भलं मोठं घर असे आणि नोकरी म्हणून काहीच नसे. फोरमनला अशा एका सिनेमात सूट घालून उभं केलं. निर्माता चांगला माणूस होता, वाईट वाटून म्हणाला, "काय आहे, सूट घातला की तुम्ही मीटर तपासायला आल्यासारखे दिसता."

त्यानंतर वर्षभर तो घरी फोनजवळ बसून होता. बायको टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. एक दिवस कामावरून आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "अहो, फोन बिघडलेला नाहीये. मी तपासून घेतलाय."

आठवड्याभराने त्याने एक जुनी गाडी घेतली, तिला शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि टपावर पाटी लावली. त्याला सव्वीस वर्षं झाली होती. गाडी मधे एकदा बदलली. आताची तिसऱ्या मालकाकडून घेतलेली होती आणि या वर्षअखेर तिची मुदत संपत होती.

चित्रीकरणाचा दुसरा भाग घरी झाला. कॅमेरावाल्याने पडदे ओढून खोलीत अंधार केला. निवेदिकेने भिंती न्याहाळल्या. "तुमचं एकही पोस्टर नाही?"

"भिंतीला ओल येते," बायको म्हणाली.

त्यांनी स्वतःच एक छापून आणलं होतं. ते खुर्चीमागे टेकवून त्यांनी फोरमनला त्याच्यासमोर बसवलं. "सर, जरा जुने दिवस आठवा आणि उदास बसा ना. दोनच मिनिटं."

"जुने दिवस आठवून मला उदास वाटत नाही."

"पण सर, इतक्या वर येऊन खाली पडणं..."

"मी पडलो नाही," फोरमन म्हणाला. "ज्या जिन्यावर मी उभा होतो तो जिनाच लोकांनी काढून नेला. मी जमिनीवर उभा आहे. जमिनीवर उभ्या माणसाला पडला म्हणतात का?"

हे वाक्य कार्यक्रमात आलंच नाही. रविवारी दुपारी तो दाखवला, तेव्हा त्यात फोरमन चाकात हवा किती आहे ते बघायला वाकला होता ते, हळू केलेलं दृश्य होतं, त्याच्यावर सारंगीसारखं काहीतरी होतं, आणि निवेदिकेचा आवाज सांगत होता की ज्याच्या एका शब्दावर थिएटरं हलायची, त्याच्यावर आज पोटासाठी अनोळखी लोकांना गाडी शिकवायची वेळ आली आहे.

"अनोळखी?" बायको टीव्हीकडे बघत म्हणाली. "निम्म्या जणांच्या लग्नाला जेवून आलोय आपण."

सोमवारपासून लोक हळू आवाजात बोलायला लागले. वाण्याने पिशवी स्वतः उचलून दारापर्यंत आणून दिली. एका शिकाऊ मुलीच्या वडिलांनी विचारलं, तब्येत झेपते ना, की मुलीला दुसरीकडे घालू? फोरमनच्या मुलीचा फोन आला. ती बँकेत अधिकारी होती, आणि ऑफिसातले सगळे तिच्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू काही तिने बापाला घराबाहेर काढलंय.

बुधवारी मालक आला.

हा एकवीसही सिनेमांतला मालक. दोघांची दोस्ती जुनी. पडद्यावर एकमेकांकडे डोळे वटारायचे आणि मधल्या सुट्टीत एका डब्यात जेवायचे. आता मालक कलाकार संघाचा सचिव होता. अजून कामं करत होता. नायकाचा बाप, नायिकेचा बाप, मंत्री, हॉस्पिटलचा मोठा डॉक्टर. सूट तेच.

"तू बरा टिकलास," फोरमन म्हणाला.

"मालक प्रत्येक काळात लागतो रे," मालक चहात बिस्कीट बुडवत म्हणाला. "फोरमन एकाच काळात लागला. त्यात तुझं काही चुकलं नाही. बरं, ऐक. संघाचा कार्यक्रम आहे पुढच्या गुरुवारी सकाळी. चार जुन्या कलाकारांचा सत्कार. तुला नवी गाडी देतायत."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"दोन ब्रेकवाली?" फोरमनने विचारलं.

"तुला पाहिजे तशी करून देतील. कंपनी आहे एक, तिचं नाव गाडीवर राहील. आत्ताचा तो मोठा हिरो येऊन स्टेजवर चावी देणार. तू फक्त यायचं, दोन शब्द आभाराचे बोलायचे."

"आणि त्याआधी?"

मालकाने कप खाली ठेवला. तो मुरलेला नट होता, पण मित्रासमोर त्याला खोटं बोलता येत नसे. "त्याआधी ती टीव्हीवरची फिल्म दाखवणार. पाच मिनिटं."

"त्याऐवजी सिनेमातला प्रसंग दाखवा. तुझा-माझा. कुठलाही."

"मी बोललो होतो. ते म्हणाले, आजकालच्या पोरांना तो माहीत नाही. ही फिल्म बघून लोक रडतायत. रडले तरच कंपनी गाडी देते."

"मग चावी इथे दे. या टेबलावर. मी तुझे आभार मानतो, चारदा मानतो."

"अरे, असं कुठे असतं का."

"नसतं ना?" फोरमन म्हणाला. "मग नको."

"हट्ट करू नकोस. तुझी गाडी या वर्षी मोडीत जाणार, मला वहिनींनी सांगितलंय. पाच मिनिटं मान खाली घालून बसायचं. आपण नट आहोत. याहून वाईट कामं केलीत आपण."

"काम म्हणून सांग, करतो. भिकाऱ्याचं दे, वेड्याचं दे. पण ते म्हणतायत हे काम नाही, हा मीच आहे. तुला आठवतं, लोक मला का बघायला यायचे? मी देखणा नव्हतो. नाचता येत नव्हतं. एकच येत होतं मला. तेही स्टेजवर जाऊन त्यांना देऊन टाकू?"

मालकाने उरलेला चहा संपवला. मग उठला, सुटाचं बटण लावलं. "बाविसाव्यांदा," तो म्हणाला. दारात वळून त्याने वहिनींचा निरोप घेतला आणि गेला.

संध्याकाळी मुलगी आली ती भांडायच्या तयारीनेच. "बाबा, तुम्हाला कळतंय का? जानेवारीत गाडी नसेल. मग काय करणार आहात? परत फोनजवळ बसणार?"

ते फोरमनला लागलं. उत्तर बायकोने दिलं.

"मी कर्ज काढायला लावीन त्यांना. तुझ्याच बँकेत. अडुसष्टाव्या वर्षी देता का तुम्ही?"

"नाही देत."

"मग तुझ्या नावावर काढ."

मुलगी आईकडे बघत राहिली. मग बापाकडे. "त्या फिल्ममध्ये तुम्ही इतके बिचारे दिसत होता ना," ती म्हणाली, आणि तिचा राग तिथेच ओसरला. जेवायला थांबली. कर्जाचं हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

त्या गुरुवारी साडेदहाला बाईंची तिसरी परीक्षा होती. बाईंनी पेपरात सत्काराची बातमी वाचली होती. त्यात फोरमनचंही नाव तसंच छापलेलं होतं. "सर, तुम्ही जा हो. मी एकटी जाते. नापासच व्हायचं तर सोबत कशाला?"

"बाई, मला आज दुसरं काम नाही," फोरमन म्हणाला.

परीक्षेच्या मैदानावर ऊन चढलं होतं. इन्स्पेक्टर पंचेचाळिशीचा, कपाळावर कायमची आठी असलेला. बाई त्याच्यासोबत गाडीत बसल्या आणि फोरमन तारेच्या कुंपणापाशी उभा राहिला. बाईंनी गाडी खांबांमधून आठच्या आकड्यासारखी फिरवली, मागे घेतली, एका खांबापासून वीतभरावर थांबवली. पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. या वेळी नीट लागली. फोरमनच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

इन्स्पेक्टर उतरून कुंपणापाशी आला. कागदावर सही केली नव्हती. "तुम्ही फोरमन ना?"

"हो. पण त्याचा परीक्षेशी संबंध नाही."

"नाहीच. बाई पास आहेत. एक खांब चुकवताना घाबरल्या, पण गाडी सोडली नाही त्यांनी." त्याने सही करून कागद पुढे केला, पण हातातून सोडला नाही. "माझे वडील कारखान्यात होते. भट्टीवर. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. तुमचा सिनेमा बघून आले आणि दुसऱ्या दिवशी साहेबाला उलटं बोलले."

"मग?"

"मग काय, नोकरी गेली. सिनेमात तुमची जात नाही."

"नाही," फोरमन म्हणाला. "सिनेमात जात नाही."

"आईने आठ दिवस अबोला धरला. आम्ही घर बदललं, लहान घेतलं. लई हाल काढले." इन्स्पेक्टर मैदानाकडे बघत बोलत होता. "मी मोठा झाल्यावर एकदा विचारलं त्यांना, पस्तावा होतो का म्हणून. सहा वर्षं झाली जाऊन त्यांना. शेवटपर्यंत पाहुणा कुणीही येऊ दे, त्याला तो एकच दिवस सांगायचे. साहेबाचं तोंड कसं झालं होतं ते करून दाखवायचे. बाकी चाळीस वर्षांचं त्यांनी कधी काही सांगितलं नाही."

फोरमनने कुंपणाच्या तारेवरून हात पुढे केला. इन्स्पेक्टरने तो धरला, कागद दिला आणि वळून मोठ्याने हाक मारली, "पुढचा कोण?"

परतताना बाईंनी किल्ली मागितली. फोरमन शेजारी बसला. त्याच्या खिशात फोन दोनदा वाजून बंद झाला; मालकाचा असणार. मोठ्या रस्त्याला लागल्यावर डावीकडे सभागृह आलं. बाहेर गाड्यांची रांग होती, आणि फाटकावर दोन माणसांच्या उंचीचा फलक होता. त्यावर आजच्या हिरोचा हसरा चेहरा होता आणि त्याच्या खाली, करडा करून, मान खाली घातलेला फोरमन.

बाईंनी वेग कमी केला. "सर, हे तुम्ही."

"दिसतंय मला."

"थांबायचं का जरा?"

"नाही," फोरमन म्हणाला. "इथे थांबायला मनाई आहे, बाई. पाटी वाचा."

बाईंनी पाटी वाचली, आरशात बघितलं आणि कुणी न सांगता गिअर बदलला.