पानिपताच्या दिवशी नको

आमचे सासरे कुठल्याच लढाईत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याकडे बघून माणसाची फसगत होते. डोक्यावर लष्करी चट्ट्यापट्ट्यांची टोपी, पायात काळे बूट, मिशा वर वळवलेल्या. तरुणपणी एकदा भरतीला गेले होते. धावता धावता मध्येच खाली बसले आणि घरी आले. मग धाटावच्या एका कंपनीत गेटवर लागले, ते रिटायर होईपर्यंत तिथेच. पण रोज सकाळी घरच्या ग्रुपवर आबांचा मेसेज पडणार म्हणजे पडणार. आजच्या तारखेला इतिहासात कोणती लढाई झाली, कोण जिंकलं, कोण हरलं. जिंकल्याचा दिवस असला की चहा दोनदा. हरल्याचा असला की घरात नवीन वस्तू आणायची नाही. माझं शिलाई मशीन पैसे भरूनही दुकानात पडून राहिलं होतं, कारण त्या तारखेला कुठल्याशा समुद्रात कुणाचं तरी आरमार बुडालं होतं. कुणाचं, ते आबांनाही नीट सांगता आलं नाही.

मी अनिता, रोह्याच्या या घरातली थोरली सून. धाकटी नमिता, विशालची बायको. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, जोह्याला गेली होती. तिची आई इंदुबाई तिथल्या कारखान्यात गणपती रंगवतात. पोटातलं पोर पायाळू होतं, डोकं वर आणि पाय खाली. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सिझर करावं लागेल, तेरा जानेवारीला सकाळी या.

आबांनी लगेच मोबाइल काढला.

"तेराला चिलियनवाला," ते म्हणाले. "इंग्रज आन् शीख. कुणीच धड जिंकलं नाय. असला अर्धवट दिवस नको. चौदाला तर पानिपत, त्याचं नावच काढू नका. पंधराला सेना दिवस! त्या तारखेला आपल्या माणसाच्या हातात आपलं सैन्य आलं. आमचं नातवंड पंधरालाच जन्माला येनार."

बाई पोट कापून घेणार आणि मुहूर्त आबा काढणार. तेही फोनमध्ये बघून.

बाराला विशालला गाडी काढायला लावून आबा जोह्याला निघाले. त्यांना वेळेवर चहा लागतो, म्हणून सोबत मी. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरचा मामला, तिथे सासऱ्याचं काम बारशाला हजर राहण्याचं. पण आबांनी विहिणीच्या ओटीवर मुक्काम ठोकला आणि टोपीसुद्धा काढली नाही.

"पंधराला किंक्रांत हाय," इंदुबाई म्हणाल्या. "किंक्रांतीला चांगलं काम करत नायत, आबा."

"ही अंधश्रद्धा झाली, विहीणबाई," आबा गंभीरपणे म्हणाले.

मी तोंडात पदर कोंबला. अंधश्रद्धा म्हणे! आणि हे कोण बोलतंय?

विशाल चांगला मुलगा आहे असं सगळे म्हणतात. म्हणजे तो बापासमोर तोंड उघडत नाही. आबांनी सांगितलं तसा त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. बाई चिडल्याच. म्हणाल्या, "थांबायची जबाबदारी तुमची. पण पाणी गेलं की त्याच क्षणी निघायचं. पोर पायाळू आहे. नाळ आधी खाली आली तर हातात काही राहत नाही. कळलं का?" हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. ओटीवर बसलेल्या प्रत्येकानं ऐकलं.

नमिता विशालकडे बघत होती. "आबांचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुला काय वाटतं ते सांग."

"दोन दिवसांचा तर प्रश्न हाय," विशाल म्हणाला. "त्यांचं मन राखू ना."

ती उठून आत गेली. पोराच्या जिवाचा प्रश्न होता आणि या बाबाला बापाच्या मनाची काळजी. मला त्याची किळस आली. खोटं कशाला बोलू?

संक्रांतीच्या सकाळी इंदुबाई तिळाचे लाडू वळत होत्या. नमिता पाणी प्यायला उठली आणि तिथेच थबकली. पायाखालची फरशी ओली झाली होती.

"आई गो, पानी गेलं!"

मी पिशवी उचलून बाहेर धावले. गाडी दारात उभी होती आणि चावी आबांच्या खिशात.

"कळा कुठं जोरात हायत?" आबा बसल्या जागेवरून म्हणाले. "पहिलटकरणीला येळ लागतो. रात्री बारा वाजले की तारीख बदलेल. तवर पडून ऱ्हा म्हनावं."

"आबा, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?" मी ओरडले. "विशाल भावजी, चावी घ्या!"

विशाल बापासमोर जाऊन उभा राहिला. "आबा, चावी देता का?"

देता का! दुकानात जाऊन सुट्टे मागावे तसं.

"थांब जरा," आबा म्हणाले. आणि तो थांबला. माझ्या आरडाओरड्यात अर्धा तास गेला.

नमिता भिंतीला धरून बाहेर आली. तिनं नवऱ्याला पाहिलं, त्याचे रिकामे हात पाहिले आणि पायऱ्या उतरून चालू लागली. कारखान्यासमोर माघी गणपतींचा टेम्पो भरत होते. इंदुबाईंनी हाक मारताच ड्रायव्हर अक्षयनं काहीही न विचारता दार उघडलं. मायलेकी पुढे बसल्या. मी मागे चढले आणि पेंढ्यात, गणपतींच्या मध्ये, एका मूर्तीला धरून बसले. हायवेला लागेपर्यंत मी आबांना ज्या शिव्या दिल्या, त्या आजूबाजूच्या देवांनी ऐकल्या असतील तर ऐकू देत.

पेणला दवाखान्यात पोचेपर्यंत नाळ खाली उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी नमिताला तशीच आत नेलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "पाणी जाऊन इतका वेळ झाला, मग करत काय होतात?"

काय सांगणार? पानिपत टाळत होतो, असं सांगणार?

मुलगी झाली. निळी पडली होती, रडली नाही. खूप वेळानं तिनं एक बारीक आवाज काढला. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी घातली. "जगेल असं वाटतंय," बाई म्हणाल्या. "मेंदूला काही झालंय का, ते तीन-चार महिन्यांनी कळेल. आज मी काही सांगू शकत नाही." इंदुबाई खाली बसल्या, त्या बसूनच राहिल्या.

आबा आणि विशाल मागून गाडीनं आले होते. आबा बाकावर बसून मोबाइल चाळत होते. मला वाटलं, लाज वाटली असेल, म्हणून मान खाली आहे. माझाच मूर्खपणा. संध्याकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन नमिताच्या खोलीत शिरले. टोपी सरळ, चेहरा खुललेला.

"अगो, चौदाला माजी सैनिक दिन असतो! सरकारी! मला म्हाईतच नव्हतं. दिवस आपलाच निघाला की!" त्यांनी एक पेढा विशालच्या हातावर ठेवला. विशालनं तो खाल्ला.

नमिताचा चेहरा पांढराफटक होता. ती पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होती.

"बाळाला बघितलंस?" तिनं विचारलं.

"नाय अजून," विशाल तोंड पुसत म्हणाला. "आबा म्हनाले, आधी पेढे आनू."

"मग आता आबांना घेऊन घरी जा."

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. मला वाटलं, आता तरी हा तिचे पाय धरेल, नाहीतर धावत त्या काचेच्या पेटीकडे तरी जाईल. त्यानं आबांकडे बघितलं.

"चल," आबा म्हणाले. "वडखळला ट्रॅफिक लागंल."

आणि तो गेला.