मी दाखवलेली विहीर

मित्रांनो, पत्र्याचे चौकोनी पोट, डोक्यावर धुराडे आणि समोर पितळी नळकांडे, असा मी एक जुना जादूचा कंदील आहे. नावात जादू असली तरी माझ्यात जादू काही नाही. पोटात रॉकेलचा दिवा लावायचा, पुढच्या खाचेत रंगवलेली काच उलटी धरायची, की समोरच्या पांढऱ्या कापडावर तिचे मोठे, सुलटे चित्र पडते. काच उलटीच का, ते मला विचारू नका. माझ्या भिंगाचा तो स्वभाव आहे. एक काळजी मात्र मला जन्मापासून चिकटली आहे. दिवा मोठा केला तर काच तडकते आणि बारीक केला तर चित्र दिसत नाही. माझे सारे आयुष्य या दोन भीतींच्या मध्ये गेले.

उमेदीची वर्षे मी आरोग्य खात्यात काढली. बैलगाडीत गवतावर बसून अचलपूर, चांदूर बाजारकडची गावे पाहिली. हिवतापाचा डास मी बैलाएवढा करून दाखवी, तेव्हा बाया मुलांना पदराखाली ओढत. एका गावात तर कोणी तरी त्या डासाला जोडा फेकून मारला आणि कापड फाटले. त्या दिवशी माझे फार कौतुक झाले. पुढे खात्याकडे बोलका चित्रपट दाखवणारी मोटार आली. माझी रवानगी अमरावतीच्या मुलींच्या एका अध्यापन विद्यालयात झाली. तिथे कोठीच्या खोलीत, फाटक्या नकाशांच्या आणि लेझमींच्या मध्ये मी कित्येक वर्षे पडून होतो. माझ्या धुराड्यात कोळ्याने घर केले होते.

मला तिथून बाहेर काढले ते शकुनने. साल एकोणीसशे एकोणसाठ असावे. शकुन चांदूर बाजार तालुक्यातल्या एका खेड्यातली, घरातली पहिली शिकलेली मुलगी. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबत. तिच्या घरच्यांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला तेव्हा तीनेक वर्षे होत होती. ती बोले कमी, पण गाऊ लागली की वर्गातल्या मुली हातातले काम सोडून ऐकत. तिची मैत्रीण खुर्शीद अचलपूरची. तिचे वडील टांगे रंगवीत. टांग्याच्या पाठीवरची फुले आणि मोर काढायला ती त्यांच्याजवळच शिकली होती.

विद्यालयाचे स्नेहसंमेलन जवळ आले होते. संगीत शिकवणाऱ्या चतुराबाईंनी या दोघींना सांगितले की लहान मुलांच्या कल्पनेवर एक गाणे रचा आणि गाण्याच्या ओळीबरोबर कापडावर चित्रे दाखवा. गाणे शकुनचे, चित्रे खुर्शीदची आणि पेटी स्वतः बाईंची. असा कार्यक्रम त्या विद्यालयात पूर्वी कोणी केला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. पण इतकी वर्षे निजलेल्याला एकदम धावायला सांगितले, तर त्याचे पाय लटपटणारच.

पहिली फजिती लगेच झाली. खुर्शीदने टांग्याचे तेलरंग काढले आणि काचेवर मोठ्या हौसेने परी रंगवली, सोन्याचा महाल रंगवला. दिवा लावला तर कापडावर नुसते काळे डाग. त्या जाड रंगातून माझा उजेड पलीकडे जाईना. मला वाटले, आता या मला परत कोठीत ठेवणार. पण दोघींनी शाई आणली, पतंगाचे कागद भिजवून त्यांचा रंग काढला, त्यात डिंक घातला. मग परी दिसली. लाल पंखांची, छान परी.

ती परी त्यांनी विद्यालयाला जोडलेल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना दाखवली. मुले शहाण्यासारखी गप्प बसून राहिली. एक मुलगी तर दाराबाहेरच्या बकरीकडेच पाहत होती. शकुनचे तिकडे लक्ष गेले. मुले गेल्यावर तिने खुर्शीदला विचारले की लहानपणी तू कधी परी पाहिली होतीस का. खुर्शीद हसली आणि म्हणाली, "परी कुठची? मी तं आमच्या बकरीले घोडी म्हणत होती."

त्या दिवशी परी आणि महाल दोन्ही पुसले गेले. जे दोघींनी लहानपणी खरोखर मनात पाहिले होते, तेच दाखवायचे असे ठरले. वीट ही एसटीची मोटार. एरंडाचे पान ही छत्री. बकरीच्या चित्रावरून दोघींचा बराच वाद झाला. खुर्शीदला गोंडे लावलेली घोडी काढायची होती. शकुन म्हणे, घोडी काढली तर पाहणाऱ्याला घोडीच दिसेल, मग बकरीला घोडी म्हणणारी मुलगी कुठे राहिली? शेवटी खुर्शीदने काढली साधी बकरीच, पण जमिनीवर सावली पाडली ती घोडीची. मी इतकी वर्षे चित्रे दाखवली, पण असे चित्र माझ्या पोटात कधी आले नव्हते.

शेवटचे चित्र शकुनचे होते. त्याच्या ओळी अशा होत्या:

अंगणात माझ्या धुळीची विहीर,
पाणी येते वर गं, धर जरा धीर.
ये रे वाटसरा, ये गं तू गाई,
माझ्या विहिरीला बंदी नाही.

खुर्शीदने विहीर का म्हणून विचारले. शकुनने हातातली काच पुसता पुसता सांगितले. गावच्या विहिरीला शकुनच्या वस्तीने हात लावायचा नाही, असा रिवाज होता. तिची आई घागर घेऊन लांब उभी राही आणि कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाही. कधी कधी उन्हे चढेपर्यंत. घरी आले की शकुन काडीने अंगणात गोल रेघ ओढी, ती तिची विहीर. नारळाच्या करवंटीला सुतळी बांधून ती त्या विहिरीतून लटके पाणी काढी आणि येईल त्याला पाजी.

खुर्शीदने फार मेहनतीने एक विहीर काढली. घडीव दगडांची, पायऱ्यांची, काठावर रहाट. शकुनने ती पाहिली आणि मान हलवली. ही विहीर चांगली होती, पण तिची नव्हती. तिची विहीर म्हणजे नुसती रेघ. पण नुसती रेघ दाखवली तर पाणी कसे दिसणार? यावर दोघी कितीतरी दिवस अडल्या. शेवटी तोडगा खुर्शीदलाच सुचला. एका काचेवर फक्त गोल रेघ. दुसऱ्या काचेवर फक्त निळे पाणी. रेघेची काच खाचेत आधी ठेवायची आणि 'पाणी येते वर गं' म्हणताना पाण्याची काच तिच्यामागून हळूहळू सरकवायची, म्हणजे रेघेत पाणी भरताना दिसेल. माझा जीव धास्तावला. एका खाचेत दोन काचा म्हणजे दुप्पट ताप. पण मला सांगता येत नव्हते.

तेवढ्यात दुसरीच धास्ती आली. संमेलनाचे अध्यक्ष म्हणून सूर्यभानजी येणार असे कळले. हे शकुनच्या गावचे मोठे शेतकरी. तिचे आईबाप त्यांच्याच शेतात कामाला. गावची ती विहीरही त्यांच्याच वाड्यासमोरची. चतुराबाईंनी गाण्याचा कागद पुन्हा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. बाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. "शकुन, तू इथे आहेस, पण तुझी माणसे तिथे आहेत," त्या म्हणाल्या. "शेवटची ओळ काढ. नाही तर परीचेच गाणे राहू दे."

शकुन माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हाताला घाम आला होता. त्या हाताचा ठसा माझ्या पत्र्यावर उमटला. तिला आई डोळ्यांपुढे दिसत असणार. मला वाटले, ही आता गाणे सोडून देईल. खुर्शीद तर चिडून म्हणत होती की एक अक्षर बदलू नकोस. शकुनने पुष्कळ वेळाने ती ओळ खोडली, पण बाईंनी सांगितले म्हणून नव्हे.

"खेळात मी कोणाले परत पाठवलंच नाई," ती खुर्शीदला म्हणाली. "मंग बंदी हा शबुद माह्या इहिरीवर आला कुठून? तो त्यायचा शबुद हाये."

त्या जागी तिने लिहिले, 'ओंजळ कर पुढे, संपत नाही.' विहीर मात्र तिने ठेवली. बाईंनी नवी ओळ वाचली आणि डोळे मिटून घेतले. मग पेटी उघडली.

संमेलनाच्या दिवशी दुपारी शेवटची तालीम चालू होती आणि मला भीती होती तेच झाले. पाण्याची काच तापून तडकली. खुर्शीदने धावपळ करून दुसरी रंगवली. निळा रंग खुलावा म्हणून तिने डिंक जास्त घातला, आणि दिवस थंडीचे. दिवेलागणीला ती काच माझ्याजवळ आली तेव्हा रंग वरून सुकलेला होता, आतून ओला होता. हे फक्त मला कळले, कारण तो ओलावा माझ्या खाचेला लागला.

मैदानात दोन बांबूंना चादर ताणली होती. पुढे प्राथमिक शाळेची मुले, त्यांच्यामागे पाहुणे, मधोमध खुर्चीवर सूर्यभानजी. शकुन गाऊ लागली. विटेची मोटार आली तशी मुले भोंगा वाजवू लागली. बकरीची सावली पाहून एक मुलगा उठून उभा राहिला. मग कापडावर नुसती गोल रेघ आली आणि सगळे शांत झाले.

'पाणी येते वर गं.' खुर्शीदने काच सरकवली. रेघेत निळे पाणी भरले. आणि त्याच वेळी माझ्या तापाने आतला डिंक पातळ झाला. रंग काचेवरून खाली ओघळू लागला. मी दिवा विझवू शकत नव्हतो, काच ओढू शकत नव्हतो. माझ्यामुळे या मुलीचा घात झाला, असेच मला वाटले.

पण मित्रांनो, काच माझ्यात उलटी असते. जे काचेवर खाली ओघळते, ते कापडावर वर चढते. विहिरीतले पाणी रेघ ओलांडून वर येऊ लागले. निळे, सावकाश, काठावरून वर, आणखी वर. खुर्शीदचा हात काच ओढायला पुढे आला होता, तो तसाच थांबला. बाईंची बोटे क्षणभर पेटीवर अडली. शकुनने वळून कापडाकडे पाहिले. पुढची ओळ न घेता तिने तीच ओळ पुन्हा म्हटली. पाणी येते वर गं, धर जरा धीर. बाईंनी पेटी धरली. पुन्हा तीच ओळ. पाणी चादरीच्या वरच्या काठाला लागेपर्यंत ती तेवढीच ओळ गात राहिली. पुढच्या मुलांनी कोणी न सांगता ओंजळी पुढे केल्या होत्या. मग तिने शेवटचे दोन चरण घेतले आणि गाणे संपवले.

टाळ्या वाजल्या नाहीत. अध्यक्षांच्या भाषणाची वेळ होती. सूर्यभानजी उठले, पण बोलायच्या जागी गेले नाहीत. ते माझ्याजवळ, शकुनसमोर आले.

"पोरी, ती इहीर कोणाची?"

"माही," शकुन म्हणाली. "आमच्या अंगणातली. लहान होती तवा खेळत होती मी."

त्यांनी गाव विचारले. तिने त्यांच्याच गावाचे नाव घेतले, बापाचे नाव घेतले. बाई पेटीमागे उभ्या राहिल्या होत्या. सूर्यभानजींनी खाली पाहिले आणि हळू आवाजात विचारले, "त्या खेळात मी येत होतो का पाणी प्याले?"

"येत होते जी. तुमालेही देत होती मी."

त्यांनी उपरणे सावरले आणि ते निघून गेले. भाषण केले नाही, चहा घेतला नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. शकुन तासन् तास माझ्याजवळ बसून खाचेतला निळा डिंक नखाने खरवडत राही. बाजाराच्या दिवशी तिचा बाप देवमन भेटायला आला, तर पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विचारले की गावात काही झाले का. तो म्हणाला, काही नाही. मालकाने एवढेच विचारले की तुझी पोरगी मास्तरीण कधी होणार.

"काहून इचारलं?"

"मले काय मालूम," देवमन म्हणाला. त्याने तिच्यासाठी आणलेली बोरे काढली.

ते विचारणे मायेचे होते की धाकाचे, हे आम्हाला पुढेही कळले नाही. कामावरून कोणी काढले नाही, एवढे खरे. आणि विहिरीवर कोणी बोलावले नाही, हेही तितकेच खरे. पुढे त्या वस्तीने स्वतःची विहीर खणली. पण ती गोष्ट त्यांची आहे, ती त्यांनी सांगावी.

खुर्शीद अकोल्याच्या शाळेत शिक्षिका झाली. विद्यालयात विजेवर चालणारे यंत्र आले आणि मी पुन्हा कोठीत गेलो. मला तिथून दुसऱ्यांदा काढले तेही शकुननेच. ती नांदगाव पेठेजवळच्या एका शाळेवर शिकवू लागली होती. विद्यालयाच्या नव्या मुख्याध्यापिकेकडून तिने मला मागून घेतले आणि एसटीत मांडीवर बसवून नेले.

आता माझा दिवा फुटला आहे. भिंग पांढुरके झाले आहे. पत्रा खालून गंजतो आहे आणि एक दिवस तळच गळून पडेल, ही चिंता मला सुटत नाही. पण मित्रांनो, मी रिकामा नाही. माझे धुराडे पाहून या शाळेतल्या मुलांनी मला आगगाडीचे इंजिन केले आहे. मधल्या सुट्टीत ती माझ्यामागे एकमेकांचे सदरे धरून उभी राहतात. शकुनबाई दारातून पाहतात, रागावत नाहीत. फक्त माझ्या पत्र्याची धार कोणाच्या बोटाला लागू नये म्हणून त्यांनी तिथे चिंधी बांधली आहे.

तुमच्या शाळेत माझ्यासारखे कोणी अडगळीत पडले असेल, तर त्याच्यावर फडके फिरवा, त्याला ओलीपासून जपा. आणि एखादे मूल त्याला भलत्याच नावाने हाक मारत असेल, तर त्याची चूक सुधारू नका. कालच एका चिमुरडीने माझ्या धुराड्याला कान लावला आणि मागच्यांना सांगितले की थांबा, इंजिनाला धाप लागली आहे. तिने आधी मला पाणी पाजले, आणि मगच आमची गाडी अकोल्याला निघाली.