उस्तादांचा अंगठा आणि उलटा डिरेलर

साडूंनी आपली नवी सायकल उस्तादांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या स्टँडला टांगली, तेव्हा उस्तादांनी मागच्या चाकाजवळच्या, साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरकडे असं पाहिलं, जणू कुणी त्यांच्या ताटाशेजारी वापरलेले मोजे ठेवलेत.

"हे काय आणलंत?"

"उलटा डिरेलर, साडूभाऊ. आपल्या नेहमीच्या डिरेलरची स्प्रिंग साखळीला लहान चक्राकडे, म्हणजे जड गिअरकडे ओढते. याची मोठ्या चक्राकडे ओढते. केबल तुटली तरी सायकल हलक्या गिअरवरच राहणार. चढावर सुद्धा माणूस घरी येतो."

"केबल तुटेपर्यंत वाट बघणाऱ्याने घरीच बसावं," उस्ताद रॉकेलच्या डब्यात साखळी बुचकळत म्हणाले. "आणि चढावर जोर असताना तुमची ती स्प्रिंग साखळीला वर ढकलणार? ती ढकलेल तिच्या सवडीने! हलका गिअर हवा की माझ्या डिरेलरला मी अंगठ्याने दामटतो. तो येतोच. यात मात्र हलक्या गिअरसाठी बोटाने केबल सोडायची आणि स्प्रिंगची मर्जी सांभाळायची. स्प्रिंग नाही, सासूबाई आहेत त्या!"

"आपली सासू एकच आहे, जरा जपून," साडू म्हणाले.

एरवी उस्तादांचं एवढं बोलणं पुरलं असतं. रविवारी सायकलवर फिरायला निघणाऱ्या टोळीत त्यांना विचारल्याशिवाय कुणी सीटसुद्धा बदलत नसे, आणि टोळीच्या पुढे तेच असत. पण आज टोळीतली दोघं-तिघं साडूंच्या सायकलीभोवती घोटाळत होती. शिंपी तर खाली वाकून, "बघू, बघू," करत होता. आपल्या दुकानात दुसऱ्याच्या वस्तूला "बघू, बघू"!

"तुम्हीच चालवून दाखवा ना," साडूंनी खडा टाकला. "या रविवारी, पाण्याच्या टाकीच्या चढावर. नीट चढलात, तर पुढच्या रविवारपासून पुढे मी. नाही चढलात, तर डिरेलर तुमच्या भंगारात."

"चालेल," उस्ताद म्हणाले. चालणार नाही हे त्यांच्या रात्री जेवताना ध्यानात आलं. सायकल नीट चालवली तर डिरेलर चांगला ठरणार, वाईट चालवली तर उस्ताद वाईट ठरणार.

"अहो, मग जाऊच नका," बायको म्हणाली. "पाठ धरलीय म्हणून सांगा."

"माझी पाठ? कुणाचा विश्वास बसेल?"

"तुमच्या ताठ्यावर सगळ्यांचा बसतो. पाठीचं काय घेऊन बसलात?"

रविवारी टोळी टाकीपाशी जमली. अर्ध्या चढापर्यंत उस्ताद झकास गेले. हलक्या गिअरसाठी बोटाने केबल सोडत होते आणि स्प्रिंग साखळीला अलगद वर नेत होती. इतकं अलगद की त्यांना संताप आला. मग ते अवघड वळण आलं. शिंपी ओरडला, "उस्ताद, हलका टाका!" हलका म्हटल्यावर उस्तादांच्या अंगठ्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं. सगळा जोर लावून लिव्हर दामटली. साखळी खटाखट लहान चक्रांवर, जड गिअरला उतरली. पॅडल थांबलं, सायकल थांबली. क्षणभर उस्ताद पुतळ्यासारखे तोलून राहिले आणि मग सावकाश, अगदी दिमाखात, आडवे झाले.

साडू धावत आले. त्यांनी उस्तादांच्या कोपरावरची धूळ झटकली आणि ते मोठ्या मनाने म्हणाले, "जिंकलात, साडूभाऊ. टाकाऊ आहे हा. आजच काढून टाका."

हा मोठेपणा उस्तादांना पडण्यापेक्षा जास्त लागला. हो म्हणावं, तर त्यांना एका स्प्रिंगने पाडलं. नाही म्हणावं, तर त्यांना त्यांच्याच अंगठ्याने पाडलं. टोळी तोंडाकडे बघत होती. टोळीतले दातांचे डॉक्टर तेवढे अजून चढाच्या खालीच, धापा टाकत.

"डिरेलरला काही झालेलं नाही," उस्ताद उठत म्हणाले. "हा चढच भिकार आहे. सायकलवाल्यांसाठी बांधलेलाच नाही. पुढच्या रविवारपासून टोळी तळ्याच्या रस्त्याने जाईल. सपाट."

पुढच्या रविवारी उस्ताद तळ्याच्या रस्त्याला लागले, पुढे, नेहमीसारखे. खड्डा दिसला की हात खाली करून मागच्यांना दाखवत होते. बरंच अंतर कापल्यावर त्यांनी मान वळवली. मागे फक्त दातांचे डॉक्टर होते.

"बाकीचे?"

"टाकीकडे गेले, उस्ताद. साडूंच्या मागे." डॉक्टरांनी समाधानाने घाम पुसला. "मला हाच रस्ता बरा वाटतो. चढ नाही."

"रांगेत चला," उस्ताद म्हणाले.